तीन दारांनंतर

आपण येथे आहात.

*

"धुरात माणूस चालत नाही, रांगतो. म्हणून नकाशा गुडघ्यांवर बसून काढायचा." मला कामाला घेतलं त्या पहिल्या दिवशी भावोजी.

*

काजळी पुसताना फडकं वरून खाली फिरवलं तर ओघळ राहतात. खालून वर फिरवायचं.

*

"बाई, तुम्ही स्वतः कधी इथे राहिलात का?" फोनवरचा एक आवाज.

*

"माझी बायको बसमध्ये चढली तरी आधी संकटकाळची खिडकी कुठे आहे ते बघायची. मग ती उलट्या बाजूला का गेली, एवढंच मला कळवा." एका पत्रातली दोन वाक्यं. पत्र भावोजींच्या टेबलावर तीन महिने पडून होतं.

*

अठ्ठावीस मीटर चाळीस सेंटिमीटर.

बाहेरून: २८.४०

हा वरचा आकडा मोटेलच्या इमारतीच्या लांबीचा. तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं हललं तरी तो हलला नाही.

हॉटेलात खोलीच्या दारामागे एक कागद लावलेला असतो. मजल्याचा नकाशा, तुमच्या खोलीवर लाल ठिपका, बाहेर पडायच्या दरवाजाकडे जाणारा हिरवा बाण. तो कुणी वाचत नाही. मी तो काढते. बावीस वर्षं काढते आहे. भावोजींची, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची, छोटीशी कंपनी आहे. ते कामं आणतात, मी मोजते आणि काढते.

हे मोटेल जुन्या शहराच्या वेशीबाहेर, हमरस्त्याला लागून. शहर बघायचंय पण शहरातली हॉटेलं झेपत नाहीत, असे लोक इथे उतरतात. पुढे ट्रकांची रांग, डांबरावर तेलाचे डाग, प्लास्टिकच्या कुंड्यांत प्लास्टिकचीच झाडं. मागची बाजू थेट जुन्या तटबंदीला भिडलेली. तट संरक्षित, त्याला खिळाही ठोकता येत नाही. म्हणून मोटेलला दरवाजा एकच, रिसेप्शनकडचा. खिडक्यांना जाळ्या.

आत एक सरळ पॅसेज. एका अंगाला विषम नंबरच्या सात खोल्या, समोर सम नंबरच्या सात. एका टोकाला रिसेप्शनचा काचेचा दरवाजा, दुसऱ्या टोकाला कोरी भिंत. भिंतीमागे तट.

गेल्या वर्षी सकाळी अकरा वाजता चादरी-टॉवेलांच्या खोलीत आग लागली. आग फार पसरली नाही, धूर पसरला. आठ नंबरमध्ये एकटी उतरलेली एक बाई त्यात गेली. ती कोऱ्या भिंतीपाशी सापडली.

आधीचे चौदा कागद मीच काढले होते, सहा वर्षांपूर्वी. आता रंगरंगोटी होऊन मोटेल पुन्हा उघडायचं होतं आणि नवे कागद हवे होते. शिवाय एक पत्र हवं होतं, माझ्या सहीचं: जुने कागद बरोबर होते. चौकशी त्या पत्रापाशी अडली होती. त्या बाईचा नवराही तिथेच अडला होता.

आमच्या धंद्यात एक चूक होते. समोरासमोरच्या खोल्यांचे नकाशे एकमेकांच्या उलटे असतात. विषम खोलीतून बाहेर पडलं की दरवाजा उजवीकडे, सम खोलीतून पडलं की डावीकडे. म्हणून सम खोल्यांसाठी अख्खा नकाशा फिरवून घ्यावा लागतो. घाईत असलेला माणूस काय करतो, तर नकाशा तोच ठेवतो आणि फक्त लाल ठिपका समोरच्या खोलीत सरकवतो. कागद सुबक दिसतो. बाण भिंतीकडे जातो.

मी तसं केलं होतं का, असं भावोजींनी विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. जुने कागद कचऱ्यात गेले होते, त्या वेळचा कॉम्प्युटर भंगारात.

"आठवत नाही म्हणजे बरोबरच असणार," भावोजी म्हणाले. "तू कुठे चुकतेस, धाकटे? जा, मोज, सही कर, ये."

आतून: २७.९४

"या मॅडम, या. तुमच्यासाठी आठ नंबर ठेवलाय," मॅनेजर म्हणाला. गोल चेहऱ्याचा, सतत हसरा माणूस. "बाकी सगळीकडे रंग ओला आहे. भीती नाही ना वाटत?"

"कशाची?"

"वासाची हो, रंगाच्या वासाची!" आणि स्वतःच खो-खो हसला.

खोली स्वच्छ होती. पलंग, खुर्ची, भिंतीवर जुन्या शहराच्या वेशीचा फोटो. दारामागे चार स्क्रूंची भोकं आणि त्यांच्यामध्ये कागदाच्या आकाराचा, जरा उजळ चौकोन.

संध्याकाळपर्यंत मी पॅसेज मोजला. मोजायचं लेसर यंत्र काचेच्या दरवाजाच्या उंबऱ्याला टेकवून ठेवायचं. त्याचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो आणि आकडा येतो. सत्तावीस चौऱ्याण्णव. बाहेरच्या लांबीतून दोन्ही टोकांच्या भिंतींचे तेवीस-तेवीस सेंटिमीटर वजा केले की तेवढंच उरतं. टेपनेही तेच. हिशेब चोख बसला की मला शांत झोप लागते. लागली.

आतून: २८.३१

सकाळी सातला पॅसेजमध्ये आले तर साफसफाईच्या मावशी पार टोकाला, कोऱ्या भिंतीशी बसकण मारून फडकं फिरवत होत्या. खालून वर.

"मावशी, सुरुवात त्या टोकाकडून? कचरा तर दारातून येतो."

"दारातला कचरा दुपारी काढला तरी निघतो, ताई. हे वाळलं की निघत नाही."

मी जवळ गेले. पांढऱ्या भिंतीवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, काळे पंजे होते. पाच-सहा पुसलेले, तीन अजून शिल्लक.

"कुणाची पोरं आहेत का इथे?"

"पोरं कुठली? मोटेलात तुम्ही, मी आणि तो दात काढणारा. तीनदा रंग दिला भिंतीला. वरचा टिकतो, खालचा टिकत नाही."

माझ्याकडे उत्तर होतं. तटाचे दगड ओल धरतात. ओल भिंतीतून येताना आत मुरलेली जुनी काजळी बाहेर ढकलते. मी तसं सविस्तर समजावलं.

"असेल," मावशी म्हणाल्या आणि बादलीत फडकं पिळलं. "पण ओलीला बोटं नसतात, ताई."

नंतर खात्रीसाठी मी लेसर पुन्हा लावलं. अठ्ठावीस एकतीस. टेप: सत्तावीस चौऱ्याण्णव. बॅटरी बदलली. अठ्ठावीस एकतीस.

भिंतीच्या आत सदतीस सेंटिमीटर. म्हणजे मोटेलची भिंत ओलांडून तटाच्या दगडात.

आतून: ३१.६०

तिसऱ्या सकाळी मावशींच्या आधी उठले. पंजे ओलेच होते. भिंतीच्या डावीकडून उजवीकडे गेलेले, मग परत डावीकडे, जसं अंधारात बटण चाचपतात. मी आपला हात एकावर धरला, न टेकवता. तो हात माझ्यापेक्षा लहान होता. बाईचा.

लेसरने एकतीस साठ दाखवलं. मी ठिपका शोधायला भिंतीपर्यंत गेले. भिंतीवर ठिपका नव्हता.

"मॅडम, तुमच्या मशीनला इथे करमतंय वाटतं," मॅनेजर म्हणाला. आज तो कमी हसला. पत्र टाइप करून तयार होतं. "उद्या दुपारी चौकशीवाल्यांचा माणूस न्यायला येतोय. तेवढी सही."

"आधी चालून बघते. आमची पद्धत आहे ती."

"रोज तर चालताय."

"तसं नाही," मी म्हटलं. "रांगून."

ही भावोजींची शिस्त. नवा कागद लावायच्या आधी, डोळे बांधून, खोलीतून दरवाजापर्यंत रांगत जायचं. कागद बरोबर असेल तर माणूस पोचतो. सहा वर्षांपूर्वी मी ते केलं नव्हतं. त्या दिवशी मला जुनं शहर बघायचं होतं, आणि वेशीचं फाटक पाचला बंद व्हायचं.

डोळे बांधून

दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा. लख्ख ऊन. मॅनेजर बाहेर फोनवर, मावशी गच्चीवर चादरी वाळत घालत होत्या.

आठ नंबरच्या दारामागे मी नवा कागद लावला. नीट फिरवलेला, बाण डावीकडे. चारही स्क्रू आवळले. मोटेलच्याच टॉवेलने डोळे बांधले आणि गुडघ्यांवर बसले.

आठ नंबर बरोबर मधोमध आहे. डावीकडे वळलं तर सहा, चार, दोन अशी तीन दारं, मग काचेचा दरवाजा. उजवीकडे वळलं तर दहा, बारा, चौदा अशीही तीनच दारं, मग भिंत. धुरात दोन्ही बाजू सारख्याच. कागद सांगेल तेवढंच खरं.

मी डावीकडे वळले. डावा हात भिंतीवर. नवा रंग गार, किंचित चिकट.

पहिलं दार. चौकट, फट, चौकट.

दुसरं.

तिसरं.

आता हाताला काच लागायला हवी होती. उंबऱ्याची धातूची पट्टी लागायला हवी होती. बाहेरच्या ट्रकांचा आवाज वाढायला हवा होता.

चौथं दार लागलं.

मोजण्यात चूक झाली असणार. पुढे सरकले. पाचवं. सहावं. भिंत कोमट होती. रंगाचा वास गेला होता आणि कपडे करपल्याचा वास होता.

उजव्या बाजूला, हातभर अंतरावर, अजून कुणाचे तरी गुडघे फरशीवर घासत होते. मी थांबले की थांबत होते.

सातवं. आठवं.

टॉवेल काढावा असं वाटलं. हात वर नेला नाही. काढल्यावर काय दिसेल यापेक्षा काही दिसणारच नाही, याची भीती जास्त होती.

अकरावं.

"तीन दारं झाली," कुणीतरी म्हणालं. आवाज खोकल्यातून आल्यासारखा, पण सभ्य. रस्ता विचारावा तसा. "आता कुठे?"

मी उत्तर दिलं. एकच शब्द. तो माझ्या तोंडात तयारच होता.

"बघते."

हाताला भिंत लागली. समोरून. दगडाची, गरम. तिच्यात पंजाच्या आकाराचे खड्डे होते, पायऱ्या झिजतात तसे झिजलेले. माझा हात एकात बसला. जरा घट्ट.

२७.९४

"ताई. अहो ताई!"

मावशींनी टॉवेल सोडला. मी कोऱ्या भिंतीसमोर गुडघ्यांवर होते. काचेचा दरवाजा माझ्या पाठीमागे, अख्खा पॅसेज ओलांडून, उन्हात चमकत होता.

"चादरी वाळत घालून मी खाली आले, त्याला दोन तास झाले," मावशी म्हणाल्या. "पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. मला वाटलं तुम्ही खाटेवर पडलात."

माझे तळवे काळे होते. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या.

"आज दोघींचे आहेत," त्या म्हणाल्या, आणि बादली आणायला गेल्या.

मी आठ नंबरमध्ये जाऊन दारामागचा कागद पाहिला. बाण डावीकडेच होता. स्क्रू जागच्या जागी. लेसर लावलं: सत्तावीस चौऱ्याण्णव. ठिपका भिंतीवर, स्वच्छ, लाल. मी येथे आहे, असं सांगणारा.

साबणाने तीनदा हात धुतले. मग रिसेप्शनवर पत्रावर सही केली. पत्रात: जुने कागद बरोबर होते. खाली माझं नाव, तारीख. कागद सरकवताना कोपऱ्यात काळा अंगठा उठला. मॅनेजरने रुमालाने पुसला आणि हसायचा प्रयत्न केला. "चालेल हो. कोण बघतंय?"

निघताना मावशी दारापर्यंत आल्या. फडकं हातातच होतं.

"ताई, तुमचे निघत नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या. "तिचे निघाले."

आगीच्या चार महिने आधी, एका दुपारी, आठ नंबरमध्ये उतरलेल्या एका गृहस्थांचा मला फोन आला होता. कागदाच्या कोपऱ्यात आमचा नंबर छापलेला असतो. तुमचा बाण भिंतीकडे नेतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "बघते."