दोन दारांच्या मध्ये

"थांबा! हलू नका. तुमच्या वाद्यात कुणीतरी बसलंय."

वेंडेल एक पाय उचललेला तसाच थांबला. त्याच्या कवेत भलामोठा ट्यूबा होता. पितळी, गुबगुबीत, आणि तोंड असं की त्यात मांजर सहज झोपावं.

"कुणीतरी म्हणजे... कोण?"

"निळं मॉर्फो फुलपाखरू. पंख मिटले की तपकिरी दिसतं, म्हणून तुम्हाला कळलं नसेल," कॉरी म्हणाली. तिनं हातातला मऊ ब्रश खिशात ठेवला आणि ट्यूबात डोकावली.

ग्रँड रॅपिड्स शहरातल्या त्या बागेत मार्च उजाडला की काचेच्या घरात फुलपाखरं सोडतात. गरम देशांतून कोष येतात आणि एकेक करत उमलतात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत केळी, ऑर्किड आणि घाम. बाहेर पडायच्या वाटेवर दोन दारांच्या मध्ये एक चिमुकली खोली आहे. आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही. तिथं भिंतीला आरसा, आणि आरशाशेजारी कॉरी. पाठ दाखवा, टोपी झटका, पिशवी उघडा... परदेशी फुलपाखरू बाहेर गेलं तर थंडीनं मरतं आणि कायद्यालाही ते चालत नाही. त्यामुळे दिवसभर तिच्या तोंडात एकच शब्द : "थांबा."

"एक सूर वाजवू?" वेंडेलनं विचारलं. "आपोआप उडेल."

"खबरदार! थेट छताला चिकटेल बिचारं."

"मी हळू वाजवतो हो."

"मघाशी ऐकलं ना मी तुमचं हळू. काच हलत होती."

तो हसला तेव्हा त्याचे कानसुद्धा हसल्यासारखे दिसले. कॉरीनं उगाचच दुसरीकडे पाहिलं. मग ती आत जाऊन फुलपाखरांच्या ताटलीतली पिकून काळी पडलेल्या केळ्याची चकती घेऊन आली आणि ट्यूबाच्या कडेशी धरली. दोघं श्वास रोखून उभे राहिले. फुलपाखरू एकेक पाय टाकत वर आलं, केळ्यावर बसलं, आणि त्यानं पंख उघडले. सगळं पितळ आतून निळं झालं.

"अरे..." वेंडेल पुटपुटला. पण तो पाहत होता कॉरीकडे.

हा वेंडेल शेजारच्या कलामझू शहरातल्या शाळेत मुलांना बँड शिकवायचा. दर रविवारी बागेत चौघांचं वादन असे. त्यातला ट्यूबावाला बर्फावर घसरून मनगट मोडून बसला होता, म्हणून एप्रिल संपेपर्यंत, म्हणजे फुलपाखरं असेपर्यंत, त्याच्या जागी वेंडेल.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ट्यूबात फुलपाखरू. त्याच्या पुढच्या रविवारी एक ट्यूबात, एक कॉलरवर.

"तुम्हाला उशीर होतोय ना?" कॉरी ब्रशनं ते अलगद उचलत म्हणायची.

"छे! वाट बघण्याची सवय आहे मला. आमच्या शाळेतल्या बँडची पोरं एकदम सुरू होतील, याची मी सप्टेंबरपासून वाट बघतोय."

"आणि झाली का?"

"एकदा झाली. पण गाणी वेगवेगळी होती."

ती खोली एवढी अरुंद की हसताना एकमेकांचा श्वास लागे. कॉरी रविवारची वाट पाहू लागली. आरशात आधी स्वतःला तपासू लागली.

बागेत तिच्या जोडीला हूकस्ट्राबाई असत. निवृत्त झालेल्या, हौसेनं काम करणाऱ्या, आणि नाक फार तिखट.

"कॉरी," एका रविवारी त्या म्हणाल्या, "त्या मुलाच्या अंगाला केळ्याच्या केकचा वास येतो गं."

"इथं सगळ्यांनाच येतो."

"आत येण्याच्या आधीपासून?"

त्या दिवशी कॉरीनं ट्यूबाच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. बोट चिकट झालं.

"हे काय आहे?"

वेंडेलचे कान लाल झाले. "...केळं."

"मुद्दाम लावलंत?"

"पहिलं आपणहून आलं होतं, शपथ! नंतरची... मी बोलावली." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "नाहीतर इथून बाहेर पडायला अर्धं मिनिट लागतं हो."

कॉरीच्या काळजानं एक टुणकन उडी मारली. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पाय चिकटला असता म्हणजे? पंख मोडला असता, नळीत खोल गेलं असतं? एवढंसं आयुष्य यांचं. त्यातला दिवस तुमच्या गमतीत घालवायचा?"

त्याचा चेहरा उतरला. "मला सुचलंच नाही. चुकलं माझं. पुन्हा नाही होणार." तो गेला. आरशात न पाहता गेला.

आठवडाभर कॉरीनं चहात साखर घातली की नाही हे तिलाच आठवत नसे. त्याच्या थांबण्याचं एकुलतं एक निमित्त तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं, आणि आता शेवटचाच रविवार उरला होता.

"बोललीस ते बरोबरच होतं," हूकस्ट्राबाई म्हणाल्या. "पण त्याच्यापुढे आणखी एक वाक्य बोलली असतीस तर जीभ झिजणार होती का?"

शेवटच्या रविवारी काचेवर पाऊस टपटपत होता. वादन संपलं. वेंडेल त्या खोलीत आला, आतलं दार लागलं. न सांगताच त्यानं पाठ फिरवली. कॉरीनं कॉलर पाहिली, टोपी पाहिली, ट्यूबात खोल पाहिलं. पितळ लखलखत होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

"साबणानं धुतलाय."

"हो... लिंबाचा वास येतोय."

"बरं. मग... निघतो."

"हं."

त्यानं बाहेरच्या दारावर हात ठेवला. रोज शंभरदा म्हटलेला शब्द आज कॉरीच्या तोंडून निघेना. तो आजवर तिनं फुलपाखरांसाठी म्हटला होता. स्वतःसाठी एकदाही नाही. दार बोटभर उघडलं. ओल्या मातीचा वास आत आला...

"थांबा!"

तो पहिल्या दिवशीसारखा एका पायावर थबकला. "कुठं बसलंय? पाठीवर?"

"नाही."

"टोपीवर?"

"तिथंही नाही. कुठंच काही नाही."

"मग?"

"मग काही नाही." तिनं डोळे मिटून घेतले. "तरी थांब ना."

वेंडेलनं दार लावलं. ट्यूबा अगदी हळू खाली ठेवला, जणू त्यात कुणी झोपलंय.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"पाचला माझं काम संपतं. बाहेर ट्युलिप उमललेत. कोपऱ्यावरच्या बेकरीत बदामाची पेस्ट्री मिळते."

"केळ्याचं काही?"

"केळ्याचं नाव काढायचं नाही!"

आतल्या काचेवर टकटक झाली. हूकस्ट्राबाई, आणि त्यांच्यामागे टोप्या हातात घेऊन खोळंबलेली माणसं. "अगं, दार उघड! इथं सगळे शिजून निघालेत!"

"दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत, बाई!" कॉरी ओरडली.

"माहीत आहे मला! त्याला बाहेर काढ तरी!"

कॉरीनं ब्रश काढला आणि त्याच्या स्वच्छ खांद्यावरून उगाचच एकदा फिरवला. "जा. पाचला ये."

तो उलट्या पावलांनी बाहेर गेला, ती दिसत राहावी म्हणून. ट्यूबा दाराला आपटला, टोपी पडली, तरी त्याची नजर हलली नाही. मग भर पावसात उभं राहून त्यानं ट्यूबा तोंडाला लावला आणि एकच सूर वाजवला. हळू. म्हणजे, त्याच्या मते हळू.

सगळी काच हलली, आणि आतली सगळी फुलपाखरं एकदम उडाली.