तिसरा पुकारा

तालुक्याच्या कोर्टात कॉम्प्युटर आला, अन् कारकून शिवकन्येनं आधी त्याचा बस्ता बांधला! हसू नका. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. रेकॉर्ड रूमची रीतच तशी – संध्याकाळ झाली, की कागद लाल फडक्यात घ्यायचे अन् गाठ मारायची. धूळ बसू नये म्हणून तिनं चालू मशीनच गुंडाळून टाकलं. सकाळी ते तव्यासारखं तापून बंद पडलेलं, आणि त्याच्यासमोर एक अनोळखी तरुण उकिडवा बसलेला.

"ही गाठ कुणाची?"

"माझी... कावून?"

"लई पक्की हाय. सुटंना गेलीय."

ती सोडायला वाकली. बोटाला बोट लागलं – आणि बाईसाहेबांचे कान तापले!

हा रुद्रेश. कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला बीडहून आलेला. थोरले कारकून अर्जुनराव तर धसकाच घेऊन बसले होते. "ह्या डब्यानं आमची नोकरी खाल्ली तर?"

"काका, डब्याला कोर्टाचं काय कळतंय? तुमी सांगाल तेच तो लिहिणार," रुद्रेश म्हणाला. आवाज चढवणं त्याला माहीतच नव्हतं. अर्जुनराव हळूहळू खुर्ची पुढं ओढू लागले.

शिवकन्या जुन्या खटल्यांची नावं वाचायची, तो शेजारी बसून तिच्याकडून टाईप करून घ्यायचा.

"हळू, मॅडम. शिक्का न्हाई मारायचा, बटन दाबायचंय."

"मग हात धरून शिकवा की!" ती बोलून गेली अन् तिनं जीभ चावली. त्यानं हात धरला नाही, पण दुपारभर एकटाच हसत होता.

हिवाळा असाच सुखात गेला. मग चौसाळ्याहून निरोप आला. तिच्या वडिलांनी, पंचाक्षरीआप्पांनी, लातूरचं स्थळ आणलं होतं. पाहुणे रविवारी येणार. तिनं चहाच्या टपरीवर रुद्रेशला सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला. "माझी नोकरी कंत्राटी... मार्चला संपतीय. आप्पांपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? बघू जरा..."

"बघा. बघतच बसा!" कप तसाच ठेवून ती निघाली. जीव जडलेला माणूस, पण इतका कसा भित्रा!

शनिवारी त्याचं इथलं काम संपलं. बॅग खांद्याला लावून तो फाटकाकडं चालला. इकडं शिपाई मुंजाजी पुकाऱ्यासाठी दारात उभे. कोर्टाचा रिवाज – तीनदा नाव पुकारायचं. तिसऱ्यालाही माणूस आला नाही, तर निकाल त्याच्यावाचून.

"मुंजाजीमामा, जरा सरका," शिवकन्या म्हणाली.

"रुद्रेश राजेश्वर...!"

वकील, पक्षकार, सगळे वळले. तो थबकला.

"रुद्रेश राजेश्वर...!"

तो वळला, पण पाय उचलेना. तिसरा पुकारा जेमतेम ओठांबाहेर आला, "रुद्रेश..."

अन् गडी पळतच आला! "हाजिर... हाजिर हाय!"

"एवढ्या लोकांत नाव घेतलं तुमचं," ती म्हणाली. "आता लातूरचं काय, कुठलंच स्थळ न्हाई येणार मला बघायला."

"मग मी येतो. आजच. आप्पांना सांगतो – नोकरी कच्ची हाय, पण शिवकन्येबिगर मला जगायचं न्हाई."

तिला रडू फुटलं, हसूही फुटलं. अर्जुनरावांकडं रजेचा अर्ज टाकून ती त्याच्यासंगं चौसाळ्याच्या एस.टी.त चढली.