दुसऱ्या जिन्याने जा

माझ्या मुलाला पुसायची भारी हौस. जेवल्यावर टेबल पुसायला सांगा, हात मोडतो त्याचा. पण बापाला मात्र त्याने एका बोटाने पुसलं. शिकलेला आहे ना!

मी चार इयत्ता शिकले. खोटं लिहिण्याइतकं शिक्षण मला नाही. हे घडलंय. कंपालात, टॅक्सी पार्काला लागून असलेल्या आमच्या आर्केडमध्ये. रविवारी, भर दुपारी दोन वाजता.

चार मजले. खोक्याएवढी सहाशे दुकानं. तिसऱ्या मजल्यावर, पार टोकाला, मी एकोणतीस वर्षं बायकांच्या गोमेसी, सणासमारंभाचे पायघोळ झगे, शिवतेय. माझा नवरा लुब्वामा इथला पहारेकरी. पहिल्या जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून बसायचा. वाट त्यालाच विचारायची. चपला हव्यात? बटणं हवीत? तो म्हणायचा, "दुसऱ्या जिन्याने जा."

दुसरा जिना लांबचा. पण तो माझ्या दुकानासमोर निघतो.

उभ्या आयुष्यात त्याने एकाही गिऱ्हाइकाला सरळ वाट सांगितली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी आमचं भांडण झालं. रविवारी मी त्याचं जेवण नेलं नाही. म्हटलं, राहू दे उपाशी, येईल वळणावर.

रविवारी आर्केड बंद. आत तो एकटा.

सोमवारी दार उघडलं, तर तो स्टुलावर तसाच बसलेला... थंड.

दाराकडे तोंड करून.

ते स्टूल मी माझ्या हातांनी जाळलं.

आमचा मुलगा कायोंडो इमारतींचे आतून नकाशे करतो. आर्केडच्या मालकाला फोनवर वाट दाखवणारा नकाशा हवा होता. वायरी, नळ, आगीत पळायची दारं, सगळं त्यात. कायोंडोने पाठीवर यंत्र बांधलं. यंत्राच्या डोक्यावर गरगर फिरणारा एक डोळा. मालकाने दिलेल्या किल्ल्यांनी दारं उघडून द्यायला मी सोबत.

"रविवारच सापडला का रे तुला?"

"माणसं नकोत, आई. तशी हलणारी माणसं यंत्र गाळून टाकतं. जे हलत नाही, तेच नकाशात राहतं."

"मग तुझ्या मावशीला आण. लग्नघरातसुद्धा खुर्ची सोडत नाही. ठसठशीत येईल."

तो हसला. त्या दिवसाचं ते शेवटचं हसू.

पहिल्या जिन्याजवळ आलो आणि...

किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"आई, किल्ल्या नको वाजवूस."

माझ्या किल्ल्या माझ्या मुठीत होत्या. घट्ट.

मग फरशीवर लाकूड घासलं. जरासंच. कुणी बसल्या बसल्या सरकून आपल्याला वाट द्यावी, तसं...

तिथे काहीच नव्हतं. नुसती फरशी.

घरी त्याने पडद्यावर आर्केड उघडली. सगळी राखाडी ठिपक्यांची. शटरं, गल्ल्या, जिने.

जिन्याच्या पायथ्याशी... स्टूल.

स्टुलावर माणूस.

चेहरा नव्हता. पण डावा खांदा खाली उतरलेला. त्या खांद्यावर मी बत्तीस वर्षं डोकं ठेवून झोपलेय. मला सांगू नका कोण ते.

"यंत्राची चूक आहे," कायोंडो म्हणाला. आवाज फाटला होता त्याचा.

"राहू दे त्याला."

"उद्या नकाशा द्यायचाय, आई. मालक विचारेल हा कोण, तर काय सांगू? काम जाईल माझं."

आणि पुसलं.

बुधवारपासून फोनवर नकाशा सुरू झाला. आणि माझ्या दुकानासमोर ही रीघ! चपलावाले, बटणवाले, सगळे फोनकडे बघत.

"न्याबो, अहो बाई, चपला कुठे मिळतील? फोन सारखा म्हणतोय, दुसऱ्या जिन्याने जा."

माझ्या हातातली कात्री खाली पडली.

कायोंडोने तीनदा दुरुस्ती केली. तीनदा तेच. "पहिल्या जिन्यापाशी वाट अडतेय, आई. फोन म्हणतो, तिथे काहीतरी आहे. नकाशात तर काहीच नाही!"

मालकाने सोमवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर काम दुसऱ्याला.

म्हणून गेल्या रविवारी तो पुन्हा यंत्र घेऊन निघाला. मी पहाटेच हिरव्या केळ्यांचा मटोके वाफवला, शेंगदाण्याचं कालवण केलं, केळीच्या पानात बांधलं. तीन वर्षं उशिरा.

आर्केड रिकामी. आमच्याच पावलांचा आवाज. मी जिन्याच्या पायथ्याशी पान ठेवलं.

किल्ल्या वाजल्या... अगदी जवळ.

तो रागावलाय की नुसता वाट बघतोय, मला आजही कळत नाही.

कायोंडो मागे सरकला. "आई, चल ना इथून... मला माझं काम करू दे."

मी त्याचं मनगट धरलं.

"मी त्याला एक रविवार उपाशी ठेवलं, तू त्याला एका बोटाने पुसलंस. मी बायको म्हणून नापास, तू मुलगा म्हणून. फिरू दे तुझ्या यंत्राचा डोळा. बस इथे, बापाशेजारी. आणि हलू नकोस."