फाटकापर्यंतचा उजेड

"ही वायर बागेत घालणार असाल, तर नका घेऊ."

कोठी बाजारातल्या त्या विजेच्या सामानाच्या दुकानात मागून कुणी मराठीत बोलेल असं वाटलंच नव्हतं. मी वळले. उंच, चष्मेवाला... आणि चेहऱ्यावर आगाऊपणा केल्याची थोडी लाज. मी आईशी फोनवर बोलत होते, ते त्यानं ऐकलं असणार.

"का नको?"

"ती घरात वापरायची. बाहेर उन्हानं तडकेल, घुशी कुरतडतील, मग पाणी शिरेल."

दुकानदार हसला. "साहब सही बोल रहे मेडम. बाहर का माल अलग आता."

त्याचं नाव पुष्कर. पुण्याचा, इथे बागांमधल्या दिव्यांची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी त्याला सांगितलं – नल्लकुंट्यात आमचं बैठं घर, मी आणि आई दोघीच. तिला अंधार पडला की दिसत नाही. गेल्या महिन्यात बागेतल्या पायवाटेवर पडली.

"मग बारा व्होल्टचे दिवे घ्या, शॉकची भीती नाही. पण तार जाड हवी, नाहीतर फाटकाजवळचा शेवटचा दिवा मिणमिणेल." तो अडखळला. "मी... येऊन बघू का? रविवारी?"

"त्याचं काय घ्याल?"

"चहा. आलं घातलेला."

तो आला. मग प्रत्येक रविवारी येत राहिला. पायवाटेच्या कडेनं आम्ही चर खणला, तळाशी वाळू पसरली, पाइपातून केबल ओवली. जोड मातीत गाडायचे नाहीत, म्हणाला. ते जमिनीच्या वर, रबर लावलेल्या बंद डब्यांत. पाइपावर फरश्या, आणि त्यांच्यावर एक पिवळी पट्टी.

"ही कशाला?"

"उद्या कुणी खणायला आलं, तर सावध होईल."

"आणि नाही झालं सावध?"

"काही माणसं पट्टी बघूनही खणतात," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मी उगाचच वाळू सारखी करत बसले.

त्याचे हात मातीनं भरले होते. नाकावरून घसरलेला त्याचा चष्मा मी बोटानं वर केला... आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"नामपल्लीच्या नुमाइशला येशील संध्याकाळी? मोठं प्रदर्शन असतं."

"पेपर तपासायचेत शाळेचे."

खोटं होतं ते. अंधारातल्या गर्दीत मी हल्ली माणसांवर आदळायचे. दिवाळीनंतर गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले होते. आईचाच आजार, तिच्याकडूनच आलेला. हळूहळू वाढेल, म्हणाले. औषध नाही.

शेवटच्या रविवारी दिवे बसवून झाले होते. तिन्हीसांज झाली होती. चराचा शेवटचा तुकडा अजून उघडा होता. पुष्कर पलीकडे उभा.

"हात दे ना," तो म्हणाला.

"कुठे आहेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं माझी बोटं धरली, तेव्हा कळलं. त्याचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

मग मी सगळं सांगितलं.

"बरं. मी आहे ना," तो म्हणाला.

"बाबाही हेच म्हणाले होते. जाईपर्यंत आईचा हात धरून चालले. पण स्वयंपाकघरात नळ सोडून रडताना मी पाहिलंय त्यांना. तुला तसं नाही बघायचं मला."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, ऋचा. तुझं नाही?"

नाही म्हणता आलं असतं...

"आहे. तू जा, पुष्कर."

त्यानं उरलेला चर बुजवला, बटण दाबलं. फाटकापर्यंत सगळे दिवे एकसारखे उजळले. त्या उजेडातून तो चालत गेला. फाटकाबाहेर त्यानं वळून पाहिलं की नाही, मला कळलं नाही. तिथे माझ्यासाठी नुसता काळोख होता.

भिंत चाचपत आई बाहेर आली.

"गेला?"

"हो."

"तुलाही दिसत नाही ना गं? पणत्या लावताना ठेचकाळलीस, तेव्हाच कळलं मला. तुला द्यायला माझ्याकडे हेच होतं..." तिनं माझा खांदा शोधून धरला. "बाबा रडायचे ते मलाही ऐकू यायचं, ऋचा. पण नळ बंद करून ते माझ्यापाशीच येऊन बसायचे. त्याला बोलाव."

मी त्या रात्री फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिन्याभरानं केला, तेव्हा तो बदली मागून पुण्याला गेला होता.

"फक्त 'ये' म्हण," तो म्हणाला. "उद्या निघतो."

आई पायवाटेवर एकटीच फिरत होती, दिव्याच्या आधारानं, एकेक पाऊल जपून. एका दिव्याचा उजेड संपला की थांबायची, पुढचा दिसला की निघायची. मी तिच्याकडे बघत राहिले. अजून किती दिवस तिला एवढं तरी दिसेल... आणि मग मला?

"ऋचा, आहेस ना?"

"आहे."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. ओठांपर्यंत आलेला तो एक शब्द मी गिळला आणि फोन बंद केला.