घरमोटारीच्या पायऱ्यांवरचा दिवा

मोतीराम ड्रायव्हर मलकापूरहून आला तो दोन बल्ब, वायरीचं भेंडोळं आणि पत्र्याची दोन झाकणं घेऊन. बल्ब त्यानं गमछ्यात गुंडाळले होते.

"फुटले नाई ना, मोतीरामभाऊ?" रुख्मिणी नर्सनं विचारलं.

"फुटतीन कसे? एस्टीत मांडीवर घेऊन बसलो होतो. बाजूचा मानूस इचारे, अंडे हायेत काय म्हणून."

रुख्मिणी हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असेल.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मेहकर तालुक्यातल्या बहुतेक वस्त्यांना दवाखाना म्हणजे काय हे ऐकूनच ठाऊक. मलकापूरच्या एका कापूसवाल्या शेटजींनी दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली लष्करी मालमोटार घेतली आणि तिच्यावर लाकूड-पत्र्याचं घर बांधवलं. आत तपासायचा बाक, औषधांचं कपाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी, आणि पडद्यामागे रुख्मिणीचा निजायचा पलंग. महिन्यातले बहुतेक दिवस ती त्या घरातच राही. मोतीराम पुढे केबिनमध्ये झोपे. डॉक्टर बाजाराच्या दिवशी येऊन जात. मोटारीवर नाव होतं 'फिरता दवाखाना'. लोक म्हणत, घरमोटार.

त्या घराला एकच खोट होती. मागचा दरवाजा जमिनीपासून चांगला उंच, आणि त्याला टांगलेल्या लोखंडी पायऱ्या अरुंद, वर काळा रंग. दिवसा ठीक होतं. पण दिवेलागण झाली की पायरी कुठली आणि पोकळी कुठली, काही उमगत नसे.

भादव्यात जानेफळच्या अलीकडच्या एका वस्तीवर मोटार उभी होती. सांजवेळी रुख्मिणी स्टोव्हवर कात्र्या उकळत होती. मोटार मागच्या बाजूनं जराशी खाली बसली. चाकांवरच्या घरात राहणाऱ्याला हे अंगवळणी पडतं. कोणी पायरीवर पाय ठेवला की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे आधी सांगतात, माणूस मागून हाक मारतो. मोटार पुन्हा एकदा बसली. "थांब वं माय, आली," म्हणत रुख्मिणी वळली, आणि बाहेर धप्पकन आवाज झाला.

मंजुळा नाव तिचं. पहिलटकरीण. वावरातच कळा सुरू झाल्या, म्हणून घरी न जाता एकटी तशीच दवाखान्याच्या वाटेला लागली होती. रुख्मिणीनं आणि मोतीरामनं तिला उचललं, पण दरवाजा ओलांडून आत घेईपर्यंत ती राहिली नव्हती. पोटातलं लेकरूही नाही.

त्यानंतर मोटार पुढच्या गावांना गेली. आणि दुसऱ्याच सांजेला, दिवेलागणीच्या सुमारास, मोटार मागून जराशी खाली बसली. पुन्हा बसली. मग बाहेर धप्पकन काहीतरी पडलं.

रुख्मिणी कंदील घेऊन धावली. खाली कोणी नव्हतं. धूळसुद्धा विस्कटलेली नव्हती.

"पाटे जुने झाले, बाई," मोतीराम म्हणाला. "दिवसभर तापतात, सांजचे थंड झाले का कुरकुरतात."

"आन् पडते ते काय?"

मोतीराम वाकून पाट्यांवरून हात फिरवू लागला. त्यानंही ऐकलं होतं.

रुख्मिणी भित्री नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या बापानं घरातले देव नदीला सोडले होते आणि लेकीला सांगितलं होतं, देवासंगं भुतंबी गेले पाह्य, आता अंधाराले भ्याचं नाई. नागपूरला नर्सिंग शिकताना प्रेतांच्या खोलीवरून ती एकटी ये-जा करायची. पण गावामागून गाव बदललं तरी सांज काही चुकली नाही. भीतीपेक्षा तिला तो पडण्याचा आवाज सोसेना. रोज तेच, वरची पायरी यायच्या आतच. शेवटी तिनं शेटजींच्या मुनीमाला निरोप धाडला: पायऱ्यांवर दिवा पाहिजे, नाहीतर मी मोटारीत राहत नाही.

कार्तिकात फेरा फिरून मोटार पुन्हा त्याच वस्तीवर आली, आणि तिथंच मोतीरामनं दिवे बसवायला घेतले. एक बल्ब दरवाजाच्या वर, एक खाली पायऱ्यांच्या बाजूला. दोन्हींवर पत्र्याची झाकणं, म्हणजे उजेड डोळ्यात न जाता नेमका पायऱ्यांवर पडावा. वायर बॅटरीपासून आत आणून बटन दरवाजाशेजारी लावलं. पायऱ्यांच्या कडांना चुन्याचे पांढरे पट्टे ओढले.

दुपार कलल्यावर मनकर्णाबाई सुनेला घेऊन आली. ही मंजुळेची सासू. आता आणली होती ती धाकटी सून, विमल. तिला सकाळपासून कळा येत होत्या. विमल कशीबशी आत चढली. मनकर्णाबाई मात्र पायऱ्यांशीच थबकली. चुन्याचे पट्टे पाहिले, वरचा बल्ब पाहिला.

"हे काय लावून राह्यले, नरसबाई?"

"दिवा हाय, मावशी. आता कोनी पडनार नाई."

म्हातारीचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि विमलला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या मोटारीत येते ना ते? सांजच्या पारी?"

रुख्मिणीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. हे तिनं मोतीरामखेरीज कोणाशीच बोललं नव्हतं.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? बाळंतपनात गेलेली बाई घराकडं येते, म्हणून आमी मसनातून येता येता वाटंवर राळ्याचे दाने फेकले, येचता येचता तिथीच अडकन म्हणून. उंबऱ्यात खिळा ठोकला. घराचा रस्ता बंद केला तिचा. घरी ते एक डाव आली नाई. मंग जाईन कोठी? जिथी निंघाली होती तिथीच जाईन ना..." तिनं पुन्हा बल्बाकडे पाहिलं. "आतालोक अंधार होता, बाई. तिले वरची पायरी दिसत नोहती."

रुख्मिणीनं तिचं बोलणं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही. आतून विमलनं हाक मारली, तशी दोघी आत गेल्या.

दिवस मावळला. कापूस वेचून बाया घरी गेल्या, वाटेवरची धूळ खाली बसली. पाण्याची टाकी संपत आली होती, म्हणून मोतीराम डबे घेऊन विहिरीवर निघाला. जाता जाता त्यानं बटन दाबलं. पायऱ्या लख्ख उजळल्या. दरवाजा लोटलेला होता, पण त्याच्या खालच्या फटीतून उजेडाची पिवळी पट्टी आत फळ्यांवर आली.

"मस्त पडला उजेड!" बाहेरून तो म्हणाला. त्याच्या डब्यांचा खडखडाट दूर गेला.

विमलच्या कळा वाढल्या होत्या, पण मूल खाली सरकत नव्हतं. रुख्मिणीनं तपासलं. डोकं वर अडून बसलं होतं. विमल घामानं निथळत होती. मनकर्णाबाई तिचं कपाळ पुसत होती.

मोटार मागच्या बाजूनं खाली बसली.

कंदील आकड्यावर हलकेच झुलला. रुख्मिणीनं हातातलं काम थांबवलं नाही. पण कान तिकडे गेले. मोतीराम? नाही. डब्यांचा आवाज नव्हता.

मोटार पुन्हा बसली.

आता... आता तो आवाज होईल. तिनं दात आवळले. रोजच्या सवयीनं तिचे खांदे वर आले.

आवाज झाला नाही.

बाहेर सगळं गप्प झालं होतं. रातकिडेसुद्धा. मग, कोणीतरी नीट बघून, सावकाश पाय टाकावा तशी, मोटार तिसऱ्यांदा बसली.

दाराखालच्या पिवळ्या पट्टीत दोन काळे खंड पडले. शेजारी शेजारी. दोन पावलांएवढे.

"आत्याबाई, कोन आलं?" विमलनं क्षीण आवाजात विचारलं.

मनकर्णाबाईचे डोळे त्या पट्टीवर खिळले होते. "दिवा मालव... नरसबाई, दिवा मालव. पडू दे तिले. माह्या विमलले न्यायाले आली ते... मालव म्हन्तो ना!"

दारावर आवाज झाला. बांगड्यांचा हात पत्र्याला लागावा तसा, हळूच किणकिण. मग जड श्वास. असा श्वास रुख्मिणी रोज ऐकत होती. कळ आली की बाई नाकानं ओढते आणि तोंडानं सोडते, तो.

ती दाराशी गेली. बोट बटनावर ठेवलं. बटन दाबलं की अंधार. मग ती वरची पायरी चुकेल, खाली पडेल, उद्या सांजेला पुन्हा येईल. हे सोपं होतं. तिच्यामागे एक जिवंत बाई होती, पोटातलं लेकरू होतं. त्यांच्यासाठी हेच करायला हवं होतं. तिचं बोट बटनावर तसंच राहिलं.

बाहेरून दम खात कोणीतरी म्हणालं, "बाई... आत घ्या वं..."

त्या आवाजात ना राग होता, ना वैर. होत्या फक्त कळा.

रुख्मिणीनं बटनावरचं बोट काढलं आणि दार उघडलं.

मागे मनकर्णाबाई किंचाळली. पायऱ्या लख्ख उजळलेल्या होत्या, चुन्याचे पट्टे चमकत होते. कोणी नव्हतं. ओल्या मातीचा आणि पऱ्हाटीच्या बोंडांचा वास तेवढा आत आला. पोटऱ्यांना गार हवा लागली. मग दाराजवळची फळी करकरली, आणि मोटार आतल्या बाजूनं जड झाली.

जे ती दारात आलेल्या प्रत्येक बाईला म्हणायची तेच रुख्मिणीच्या तोंडून निघालं.

"ये माय. घाबरू नोको. इथी नीज."

तिनं आपल्या पलंगाचा पडदा बाजूला केला. पलंगाच्या फळ्या वाजल्या. तिनं पडदा ओढून घेतला आणि तिकडे पाठ करून विमलपाशी आली.

"तिकडं पाहू नोको, विमल. माह्याकडं पाह्य."

पुढचं तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. विमलला कळ आली की पडद्यामागेही श्वास ओढला जाई. रुख्मिणी म्हणे, "दे जोर," आणि जोर दोन गळ्यांतून निघे. मनकर्णाबाई कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून होती. एकदा ती पुटपुटली, "मंजुळे, माय... माफ कर वं... घरी येऊ देल्लं नाई तुले," आणि त्याच कळेला, इतका वेळ अडून बसलेलं डोकं खाली सरकलं.

मूल झालं. मुलगा. रुख्मिणीनं त्याला पालथं धरलं, पाठ चोळली. तो रडला, चांगला खणखणीत. मग तिनं त्याला विमलच्या छातीशी ठेवलं, तसा तो गप्प झाला.

रडणं थांबलं नाही.

थोडं बारीक, थोडं दमलेलं. पडद्याच्या पलीकडून. तिघी ऐकत राहिल्या. मग कोणीतरी "च्... च्..." केलं, आणि तेही शांत झालं.

बाळंतपण उरकेपर्यंत लांबच थांबलेला मोतीराम पाणी घेऊन आला तेव्हा दार सताड उघडं होतं. विमल झोपली होती. मनकर्णाबाई नातवाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. पडदा बाजूला करून पाहण्याचं धैर्य रुख्मिणीला उजाडल्यावर झालं. पलंग रिकामा होता. चादरीवर सुरकुतीही नव्हती.

त्या सांजेपासून, कोणी नसताना मोटार बसायची थांबली. पायऱ्यांवर रोज दिवा लागे, बाया-माणसं निर्धास्त चढत-उतरत. "म्या म्हटलं नोहतं? पाट्याईले तेल पाह्यजे होतं," मोतीराम म्हणे, आणि रुख्मिणी मान हलवी. ती आता बाकावर झोपू लागली होती.

महिन्याअखेर मोटार मलकापूरला शेटजींच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात गेली. रुख्मिणी दोन दिवस भावाकडे जाऊन दुपारी परतली. किल्ली तिच्याकडेच होती. आवारातल्या चौकीदाराची बायको, गोजरबाई, उन्हात कापसाची सरकी निवडत बसली होती. तिनं हाक मारली.

"बाई, गाडीत बाळंतीन कोन ठेवली वं तुमी? मी काल दोन डाव इचारलं, आतून बोलतच नाई."

"कोनी नाई, गोजरबाई. गाडीले कुलूप हाय."

"मंग धुरी कोन देते? सकाळपासून ओवा आन् शेपाचा वास येऊन राह्यला, पाह्य ना."

वास येत होता. रुख्मिणी पायऱ्या चढली, कुलूप काढलं. आत दुपारचं ऊन खिडकीच्या फटींतून फळ्यांवर पडलं होतं. स्टोव्ह थंड होता, कपाट बंद. ओव्याचा धूर कुठेच नव्हता, पण वास मात्र होता. तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूला येतो तसला ऊबदार वास.

पडदा बाजूला सारलेला होता. तिच्या पलंगावरची चादर काढून, वरच्या दोन कड्यांना गाठी मारून कोणीतरी झोळी बांधली होती. तसल्या गाठी तिला येत नव्हत्या. झोळी हळूहळू हलत होती.

ती थांबवावी म्हणून रुख्मिणीनं हात पुढे केला. झोळी तिच्या तळव्याला टेकली. भार होता. इतकाच, तान्ह्याएवढा. ती तळव्यावर क्षणभर विसावली, आणि मग पलीकडून कोणीतरी तिला हलकेच ओढून पुन्हा झोका दिला.

रुख्मिणीनं हात मागे घेतला. आत डोकावून पाहिलं नाही.

पुढे इंजिन सुरू झालं. केबिनमधून मोतीराम ओरडला, "बाई, निघाचं ना? सांजेलोक राजूरचा घाट चढून जाऊ!"

"हाव," ती म्हणाली. "हळू चालवजा, मोतीरामभाऊ."

"काऊन?"

तिनं दार आतून लावून घेतलं.

"खड्डे चुकवजा," ती म्हणाली. "हळू चालवजा."