वाडीतल्या विमानाचं हळदीकुंकू

दसऱ्याच्या सकाळी मिनल वाडीच्या गोदामात शिरली आणि दारातच थिजली. गोदामातल्या सगळ्या ट्रकांना झेंडूचे हार घातले होते. मधोमध उभ्या, पाण्यावर उतरणाऱ्या त्या जुन्या विमानालाही. आणि शिडीवर चढलेला एक दाढीवाला तरुण विमानाच्या नाकावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढत होता.

"अहो! काय करताय?"

"पूजा करून राहिलो, जी," तो वळून गोड हसला. "सगळ्या गाड्यांची झाली. याले एकट्याले काहून सोडायचं? बिचारं समुद्रावरचं… कुठं येऊन पडलं!"

हा हर्षित, गोदामाचा मालक. संग्रहालयाने विमान त्याच्याकडे ठेवलं होतं, आणि त्याचा मूळ रंग जपायचं काम मिनलचं होतं. रविवारी समिती येणार होती. रंग शाबूत असेल तर विमान संग्रहालयात, नाहीतर भंगारात.

"पुसून देतो ना," हर्षितने साबणाची बादली उचलली.

"खबरदार! साबणाने रंगही निघेल."

"मग कुंकू कशानं निघन?"

मिनलने डोळे मिटले. "थुंकीने."

बादली खाली ठेवून हर्षित तिच्याकडे बघतच राहिला.

"शिकवतात आम्हाला!" ती चिडून म्हणाली. "कापसाचा बोळा, थोडी लाळ… जगभर असंच करतात."

"मॅडम, वाडीत थुंकणाऱ्याईची कमी नाही. बोलावू?"

"खर्रा खाणारे नकोत! तंबाखूचा डाग पडेल."

हर्षितचा हात खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीवर गेला. क्षणभर मौन पाळून त्याने ती एका ड्रायव्हरला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं दोन शिड्यांवर, शेजारी-शेजारी. "आ करा," म्हणत मिनल रोज टॉर्च लावून त्याचं तोंड तपासायची. इतक्या जवळून तिने आजवर एकही पुरुष पाहिला नव्हता — आणि पाहिला, तर दाढाच दिसल्या.

"मॅडम, याचे चाकं कुठं आहेत?"

"पाण्यावर उतरतं ते. चाकं नाहीतच."

"मग दसऱ्याले लिंबू कशाखाली ठेवत होते?"

"हर्षित, घासा!"

कोपराला कोपर लागायचा. दोघंही घाईने 'सॉरी' म्हणायचे… आणि कोपर तिथंच राहायचा.

रविवारी समितीतल्या एका आजोबांनी नाकावर भिंग फिरवलं. "रंग उत्तम! साफ कशाने केलंत?"

"स्थानिक द्रावणाने," मिनल म्हणाली. शेजारी हर्षितची छाती फुगली.

विमान पास झालं. समितीची गाडी गेली.

"म्हणजे आता तुम्ही… इकडं येणार नाही," हर्षित म्हणाला.

"कशाला येऊ?"

"ट्रकले कुंकू लावून ठेवतो ना…"

"ट्रकचं काय व्हायचं ते होवो!"

"आणि माझं?" त्याने मान खाली घातली. "खर्रा तर सुटला. पण विमानासाठी नाही सोडला, जी… तुम्ही रोज पाहून राहिल्या होत्या, म्हणून सोडला."

मिनलच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस शेजारी उभा होता, आणि याला आत्ता सुचलं! रागात तिची रामदासपेठेतली शुद्ध भाषा गळून पडली.

"मग इतके दिवस बोलला काहून नाहीस गा?"

"तोंडात कापूस होता."

तिने वैतागून त्याचा हात धरला. सोडला मात्र नाही.

"संध्याकाळी घरी ये. आईने विचारलं कुठं भेटलात, तर 'विमानात' म्हण."

"अन् विमानात काय करत होते, असं विचारलं तर?"

"…तिथं गप्प बस."