तीन ठोके

"अख्ख्या कॅम्पच्या नळ्या गोठल्या, त्या व्हर्नाचीच तेवढी नाही! बया खाली अंडी उबवतेय की काय?" रिकाम्या बादल्या आर्डिथच्या हातात कोंबत मर्ल पुटपुटला.

"मग तूच जाऊन विचार ना."

मर्लनं टोपी कानांवर ओढली. "तू पाणी आण."

उत्तर डकोटातल्या तेलविहिरींवर राबणाऱ्यांचा हा कॅम्प. उघड्या माळावर ओळीनं उभे ट्रेलर. पाण्याची नळी ट्रेलरच्या पोटाखालून जाते, म्हणून थंडीआधी जो तो तिला गरम होणारी वायर गुंडाळतो आणि चहूबाजूंनी गवताचे गठ्ठे रचतो. तरी गोठलीच, तर एकजण खाली सरपटतो, दुसरा आत नळापाशी. वाऱ्यात हाका पोचत नाहीत, म्हणून खालचा पान्यानं ट्रेलरच्या तळावर ठोके देतो. एक ठोका: नळ सोड. दोन: बंद कर. तीन: काम झालं, आत येतोय, कॉफी ठेव.

व्हर्नाचा नवरा ऑर्विल गेल्या थंडीत असाच खाली गेला. एक ठोका आला, तिनं नळ सोडला. पुढचा ठोका आलाच नाही. शवपेटी उचलायला मर्लही होता.

तरी व्हर्ना म्हणायची, "नळीचं ऑर्विल बघतो ना." ऐकणारे मान हलवून बादल्या भरून घेत. यंदा पाणी तिच्याकडेच होतं. तेही आटलं तर कॅम्प सोडावा लागणार, म्हणजे कामावरही पाणी. मग कोण कशाला विचारतंय?

आर्डिथला मात्र राहवेना. व्हर्नाचं दार वाजवण्याआधी तिनं एक गठ्ठा बाजूला ओढला आणि टॉर्च मारला. वायर उंदरांनी कुरतडून टाकली होती. खाली आलेल्या हिमावर सरपटल्याची एकही खूण नव्हती. हातमोजा काढून तिनं नळी चाचपली.

कोमट होती. अंगासारखी.

ती तशीच उठली आणि आत गेली.

"ये गं," व्हर्नानं बादली नळाखाली धरली. "मर्लची कुरकुर चालूच असेल."

"व्हर्ना, तुझी ती वायर..."

पायांखाली एक ठोका पडला. व्हर्नानं नळ सोडला. बादली काठोकाठ भरली. दोन ठोके. तिनं नळ बंद केला.

"वायरीचं काय म्हणत होतीस?"

"काही नाही."

तीन ठोके.

व्हर्नाचा हात नळावरच थबकला. "हे तीन... तो गेल्यापासून पहिल्यांदाच," ती हळूच म्हणाली. मग तिनं कॉफी ठेवली, केस सारखे केले.

बाहेर गवत खसखसलं. आर्डिथला आठवलं, काढलेला गठ्ठा परत लावायचा राहिला होता.

पायरीवर बूट आपटले. आधी एक, मग दुसरा, हिम झाडायला.

आर्डिथनं झेप घेऊन दाराची कडी धरली.

"सोड ती," व्हर्ना म्हणाली. "तो मेलाय, आर्डिथ. मला का ठाऊक नाही? पण बाहेर गारठा किती आहे, बघ तरी."